वीस झोक्यांची वेळ

घर भाड्यानं द्यायच्या आधी सरांनी माझी पिशवी स्प्रिंगला टांगून पाहिली होती.

दुसरा कुठलाही घरमालक असता तर त्यानं आधी आडनाव विचारलं असतं, मग मूळ गाव, मग घरात माणसं किती आणि पाहुणे किती. सरांनी यातलं काहीच विचारलं नाही. अंगात बंडी, गळ्यात पायजम्याच्या नाडीला बांधलेलं स्टॉपवॉच आणि डोळे माझ्या हातातल्या पिशवीवर. "द्या बरं ती इकडं," म्हणाले. ओसरीच्या आढ्याला एक स्प्रिंग लोंबत होती. तिच्या आकड्यात त्यांनी पिशवी अडकवली, दोन बोटं खाली ओढली आणि सोडून दिली. पिशवी वर-खाली नाचायला लागली. सरांचे ओठ हलत होते, अंगठा घड्याळाच्या खटक्यावर. थोड्या वेळानं त्यांनी खटका दाबला, घड्याळात पाहिलं आणि म्हणाले, "साडेतीन किलो. पोटुशा बाईनं एवढं ओझं घेऊन उन्हात फिरायचं न्हाई." मग माझ्या नवऱ्याकडं वळून, "आन् तुमचे हात काहून रिकामे हायेत?"

खोल्या आम्हाला मिळाल्या. नवरा मात्र पुढचे पंधरा दिवस फुरंगटून होता.

हे सगळं औंढ्याचं. नव्वद सालानंतरची पहिली-दुसरीच वर्षं, हिंगोली जिल्हा अजून व्हायचा होता आणि आमचं सगळं काम परभणीला चालायचं. नवरा पाटबंधारे खात्यात, रोज सिद्धेश्वर धरणावर जाऊन-येऊन. मी शिरड शहापूरच्या वाटेवरच्या एका खेड्यात पहिली-दुसरीच्या वर्गावर. आणि सर गावातल्याच एका कॉलेजात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवायचे. पन्नाशी उलटलेली होती. डोंगराकडच्या एका तांड्यावर जन्मलेले, तिथले पहिले शिकलेले. त्यांचा आजा बैलांच्या पाठीवर धान्याची पोती लादून मुलुखभर फिरायचा. दोन्ही बाजूंचं ओझं नुसत्या हातानं उचलून सारखं करायचा म्हणे, काटा न लावता. सर हे अभिमानानं सांगायचे आणि शेवटी न चुकता म्हणायचे, "आपलं फिजिक्स घरचंच हाय बाई."

त्यांच्या घरात स्प्रिंगा कुठंही सापडायच्या. सायकलच्या सीटच्या, दाराच्या, जुन्या तराजूच्या, कुठल्या तरी इंजिनाच्या. त्यांच्या बायकोला आम्ही काकू म्हणायचो. काकू कमी बोलायच्या, पण जे बोलायच्या ते नेमकं. "माझ्या सैपाकघरात झारा एकच हाय अन् स्प्रिंगा सात," असं एकदा मला म्हणाल्या. त्यात तक्रार होती की कौतुक, ते मला पुढं बऱ्याच दिवसांनी कळलं.

घरासमोरच्या रस्त्याला एक खड्डा होता. बसस्थानकाकडं जाणारी प्रत्येक एसटी त्यात आदळायची आणि तिची मागची बाजू वर-खाली व्हायची. सर ओट्यावर चहा घेऊन बसलेले असायचे. बशी खाली ठेवून ते गाडीकडं बघायचे आणि जाहीर करायचे, "भरगच्च हाय." किंवा, "आठ-दहा टाळकी असतील." रिकामी गाडी चटचट उडते, भरलेली सावकाश हेलकावते, एवढंच त्यातलं गणित. एक कंडक्टर त्यांचा जुना विद्यार्थी होता. महाशिवरात्रीच्या गर्दीत त्यानं दारातून डोकं काढून ओरडून विचारलं, "सर, किती?" सर म्हणाले, "बावन्न." कंडक्टर म्हणाला, "हुकलं सर! पंचावन्न." सर जागेवरून उठले सुद्धा नाहीत. "तीन मांडीवरची लेकरं असतील, बघ," म्हणाले. कंडक्टरनं आत वळून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. खरं-खोटं नागनाथाला ठाऊक, पण हा किस्सा गावात मी चार जणांकडून ऐकला आणि चौघांनीही तो डोळ्यानं पाहिलेला होता.

वर्गात ते पुस्तकी मराठी बोलायचे, घरी आपली. पण एक वाक्य दोन्हीकडं तेच होतं. स्प्रिंगला वजन लावून ओढलं आणि सोडलं की ते बोट दाखवून म्हणायचे, "परत येतंच." पोरांनी विचारलं, सर जास्त ओढलं तर? "जितकं लांब न्याल तितकी ओढ जास्त. परत येतंच." आणि कमी ओढलं तर? "ओढ कमी, पण वाटही कमी. वेळ तेवढाच लागतो." झोका लहान असो की मोठा, वेळ तेवढाच. याचं त्यांना आयुष्यभर नवल वाटत राहिलं. तीस वर्षं तोच धडा शिकवून सुद्धा ते दर वेळी घड्याळात असे बघायचे, जणू या खेपेला काही वेगळं घडणार होतं.

मला वाटायचं, माणूस चांगला आहे, पण एक स्क्रू ढिला आहे. मग माझी मुलगी जन्मली.

ती सव्वा महिना आधीच आली. हिंगोलीच्या दवाखान्यात तिला पाहिलं तेव्हा मी घाबरून नर्सला विचारलं होतं, "हे माझंच आहे का?" कारण इतकं लहान माणूस मी पाहिलं नव्हतं. तीन आठवड्यांनी घरी सोडलं तेव्हा ती दोन किलोचीही नव्हती. डॉक्टरांनी सांगितलं, ऊब द्या, दूध पाजा, आणि वजन वाढतंय ना एवढं बघा. आठवड्याला थोडं का होईना, वाढलं पाहिजे. कमी झालं तर एक दिवसही थांबू नका, घेऊन या.

आता वजन बघायचं तर काट्यावर ठेवायला हवं, आणि नेमकं तेच आमच्या घरात होणं शक्य नव्हतं. माझ्या सासूबाई गावाकडून बाळंतपणाला आल्या होत्या. त्यांचं म्हणणं, लेकरू तोलू नाही. तोललेल्या लेकराला दृष्ट लागते, ते झुरतं. ज्वारी तोलावी, कापूस तोलावा, लेकरू देवानं दिलेलं असतं. आरोग्य केंद्राची सिस्टर काटा घेऊन आली की सासूबाई दारातच आडव्या व्हायच्या. "आत्ताच निजलंय लेकरू, उठवू न्हाई." सिस्टर तीनदा आली आणि लेकरू तिन्ही वेळा आत्ताच निजलेलं होतं. मी शिकलेली, मी भांडायला हवं होतं. पण बाळंतिणीच्या खोलीत सासूशी भांडायला जे बळ लागतं ते माझ्यात नव्हतं, आणि खोटं कशाला बोलू, मनातून मीही जरा भ्यायले होते.

तिसऱ्यांदा सिस्टर परत गेली तेव्हा सर ओसरीवरून हे ऐकत होते. दुपारी ते आमच्या दाराशी आले. उंबऱ्याच्या आत आले नाहीत.

"माय," सासूबाईंना म्हणाले, "लेकरू तोलायचं न्हाई ना? बराबर हाय. पण झोका तर द्यायचा ना त्याला?"

"झोक्याला कोण ना म्हणतंय मास्तर?"

"मग झोळी बांधू का? माझ्याकडं असं बघून राहू नका. काटा न्हाई, तागडी न्हाई. नुसता झोका."

एका विद्यार्थ्यानं छाती रुंद करायला पाच स्प्रिंगांचं व्यायामाचं यंत्र घेतलं होतं आणि आठवड्यात कंटाळून ते सरांना देऊन टाकलं होतं. सरांनी त्यातल्या दोन स्प्रिंगा काढल्या आणि एकीखाली एक जोडल्या. एक एकटी ताठ असते, दोन अशा जोडल्या की नरम पडतात, हे त्यांनी माझ्या नवऱ्याला समजावून सांगितलं. नवऱ्यानं धरणावरच्या वर्कशॉपमधून लोखंडी कडी करून आणली, आणि त्या दिवशी त्याचा पिशवीचा राग गेला. स्प्रिंगच्या आतून सरांनी जाड सुती दोरी ओवली. स्प्रिंग तुटलीच तरी झोळी दोरीवर राहावी म्हणून. मग खाली सासूबाईंचं मऊ लुगडं, त्याची झोळी.

पण लेकरू लगेच निजवलं नाही. आधी दोन दिवस झोळीत ज्वारी निजली. दीड किलोची पिशवी, दोन किलोची, अडीचची, तीनची. प्रत्येक पिशवीला सरांनी हलका झोका दिला, वीस झोक्यांना किती सेकंद लागतात ते मोजलं आणि एका वहीत लिहून घेतलं. गल्लीतल्या बायका येऊन ज्वारीला झोके देणारा माणूस बघून गेल्या. "जितकं जड, तितका झोका सावकाश," सर मला म्हणाले. "लेकरू भरत गेलं की वीस झोक्यांना वेळ जास्त लागत जाईल. आपण फक्त वेळ बघायची. तोललं कुठं?"

सासूबाईंनी मान डोलावली. झोका देताना घड्याळ बघू नाही, असं कुठल्या शास्त्रात लिहिलेलं नव्हतं.

दर गुरुवारी सकाळी, दूध पिऊन लेकरू निजलं की सर यायचे. अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून. झोळीला दोन बोटं खाली ओढून सोडायचे आणि ओठातल्या ओठात मोजायचे. पहिल्या गुरुवारी वीस सेकंद आणि थोडं वर. दुसऱ्या गुरुवारी त्याहून जरासं जास्त. तिसऱ्या गुरुवारी साडेएकवीस. आकडा सांगताना त्यांचा आवाज असा यायचा की जणू त्यांचीच कुणी परीक्षा पास झाली. माझा सगळा आठवडा त्या दीड सेकंदावर चालत होता. आरशात मी माझं तोंड महिनाभर पाहिलं नसेल, पण ते घड्याळ डोळ्यांसमोरून हलत नव्हतं.

एक गोष्ट मला खटकायची. सरांनी लेकराला एकदाही हातात घेतलं नाही. गल्लीतलं शेंबडं पोरगंही येऊन तिचा गाल ओढून जायचं, पण सरांचा हात स्प्रिंगवर असायचा, फार तर झोळीच्या काठावर. एकदा मी म्हटलं, "घ्या ना सर." ते दोन पावलं मागं सरले. "नको नको. माझा हात कडक हाय," म्हणाले आणि गेले.

चौथ्या गुरुवारी सर गावात नव्हते. प्रॅक्टिकल परीक्षा घ्यायला वसमतला गेले होते, दुपारच्या गाडीनं परत येणार होते. जाताना घड्याळ माझ्या हातात ठेवून गेले. "गुरुवार चुकवायचा न्हाई. मी करतो तसंच करा." ते घड्याळ मी त्यांच्या गळ्याबाहेर पहिल्यांदाच पाहत होते. नाडीला घामाचा वास होता.

सकाळी लेकरू निजलं. सासूबाई म्हणाल्या, "तू घड्याळ बघ, म्या झोका देते अन् मोजते." त्यांनी झोळी खाली ओढून सोडली, आणि मोजलं. वीसला मी खटका दाबला.

एकवीस सेकंद.

मी पुन्हा करायला लावलं. पुन्हा एकवीस. मागच्या गुरुवारी साडेएकवीस होते. वहीत बोट ठेवून पाहिलं. वाढायच्या ऐवजी वजन शंभर ग्रॅमनं घटलं होतं. दोन किलोच्या लेकराचं शंभर ग्रॅम.

त्यानंतर घरात जे झालं ते मला आजही सलग आठवत नाही. सासूबाई ओरडल्या, "म्या म्हणलं होतं, मोजू न्हाई लेकराला!" आणि मीठ-मोहऱ्या ओवाळायला धावल्या. शेजारचा माणूस सायकलवर सिद्धेश्वरकडं गेला, नवऱ्याला बोलवायला आणि येताना कुणाची जीप मिळते का बघायला. मी लेकराला छातीशी धरून बसले होते. तिच्या तोंडाकडं बघायचं मला धाडस होत नव्हतं, कारण बघितलं की ती सुकलेली दिसायची आणि पुन्हा बघितलं की नेहमीसारखी दिसायची.

काकू माझ्याजवळ येऊन बसल्या. मग म्हणाल्या, "आमची बी एक होती. दीड महिन्याची."

मी वर पाहिलं.

"रोज मांडीवर घेऊन बसायचे हे तिला. कालेजातून आले की पहिले तिला घ्यायचे. ती झुरून राहिली होती अन् आमाला दिसलंच न्हाई. रोज पाहणाऱ्याला दिसत न्हाई गं लेकरू. भाऊ आला एक दिवस गावाहून, तो म्हणाला, काहून एवढी वाळली पोरगी? तवा कळलं. तवर उशीर झाला होता. यांच्याच हातावर गेली." त्यांनी लेकराच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं. "तवापासून हे घड्याळ."

इतक्या महिन्यांत सरांची आणि त्यांच्या स्प्रिंगांची मी किती टिंगल केली होती, नवऱ्याजवळ नकलाही करून दाखवल्या होत्या.

जीप दारात आली आणि समोरून, खड्ड्यात आदळून, वसमतची गाडी गेली. पाच मिनिटांत सर आले. मी लेकराला गुंडाळून उंबऱ्यावर उभी होते. नवऱ्यानं त्यांना एका वाक्यात सांगितलं. सरांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी ओसरीचा खांब धरला. मला वाटलं, आता याच माणसाला धरावं लागणार. पण ते म्हणाले, "जीप राहू द्या उभी. मला एकदा दाखवा. सकाळी केलं तसंच. काही बदलू नका."

"सर, वेळ जातोय," नवरा म्हणाला.

"वीस झोके. एकवीस सेकंद लागतात म्हणता ना, तेवढेच द्या मला."

लेकरू परत झोळीत ठेवलं. तिनं कुरकुर केली आणि पुन्हा डोळे मिटले. सासूबाईंनी झोळी खाली ओढली, सोडली आणि खळ्यावर उभ्या असल्यासारख्या खणखणीत आवाजात मोजायला लागल्या, "लाभ... दोन... तीन... चार..."

सरांनी हात वर केला. "माय. थांबा."

आमच्याकडं खळ्यावर पायलीनं ज्वारी मोजताना 'एक' म्हणत नाहीत. पहिली पायली ओतली की 'लाभ' म्हणायचं, दुसरीला दोन. माझ्या आईनं असंच मोजलं, आजीनंही. सासूबाई दुसरं काय म्हणणार? मी पहिलीच्या पोरांना अंक शिकवून पगार घेणारी बाई, समोर बसले होते आणि मला ते ऐकू आलं नव्हतं. झोळी सुटते तेव्हा एकही झोका झालेला नसतो. ती जाऊन परत येते तेव्हा पहिला झोका होतो. सासूबाईंचा लाभ सुटतानाच झाला होता, आणि आमचे वीस झोके खरे एकोणीसच होते.

सरांनी स्वतः झोळी सोडली. ओठ हलत होते, अंगठा खटक्यावर पक्का होता. खटका दाबून त्यांनी घड्याळ माझ्यासमोर धरलं. बावीस सेकंद आणि थोडं वर. त्यांनी वही सुद्धा उघडली नाही. "सव्वादोन किलोला आली पोरगी," म्हणाले आणि घराच्या मागं निघून गेले. थोड्या वेळानं मी पाहिलं तर ते धुणं धुवायच्या दगडावर तोंड ओंजळीत धरून बसले होते आणि काकू पाण्याचा तांब्या घेऊन नुसत्या शेजारी उभ्या होत्या. मी तशीच मागं फिरले.

संध्याकाळी ते पुन्हा आले. सासूबाई ओशाळून बसल्या होत्या. "शून्य म्हणाले असते मास्तर, पण लेकराच्या तोंडावर शून्य म्हणवत न्हाई मला."

"शून्य म्हणायचंच न्हाई माय. लाभच म्हणा. चांगला शब्द हाय. फक्त त्याच्यानंतर दोन न्हाई, एक म्हणा." मग म्हणाले, "पायली ओतली की माल पडला, म्हणून तिथं लाभ म्हणजेच एक. झोक्याचं तसं न्हाई. सोडलं तवा लाभ. जाऊन परत आलं, तरच एक."

तेव्हापासून आमच्या घरात लेकराचे झोके लाभ, एक, दोन असे मोजले गेले. सासूबाईंच्या तोंडी ते इतकं बसलं की पुढच्या सुगीत गावाकडं त्यांनी खळ्यावरही लाभ, एक, दोन असं मोजलं आणि प्रत्येकाला एकेक पायली जास्त घालून बसल्या. सासऱ्यांनी आकांडतांडव केलं. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या, कोणाच्या तरी लेकराच्या पोटात गेली." दोन महिन्यांनी हिंगोलीला डॉक्टरांनी सासूबाईंना बाहेर बसवून मुलीचं वजन केलं. सरांच्या आकड्यात आणि त्यांच्या काट्यात मूठभर ज्वारीचाही फरक नव्हता.

मुलगी दहा महिन्यांची झाली आणि नवऱ्याची बदली नांदेडकडं झाली. निघायच्या दिवशी सरांनी झोळीची स्प्रिंग स्वतः काढून, तेल लावून, कापडात गुंडाळून दिली. सोबत बारा पोस्टकार्डं. प्रत्येकावर त्यांनी त्यांचा पत्ता आपल्या हातानं लिहून ठेवला होता. "दर महिन्याच्या एक तारखेला वीस झोक्यांची वेळ कळवत जा. दुसरं काही लिहायची तकलीफ घेऊ नका. नुसता आकडा." मी हो म्हटलं. टेम्पो निघाला तेव्हा काकू रडत होत्या. सर रडत नव्हते. ते त्या खड्ड्याकडं बघत उभे होते, टेम्पो त्यातून कसा हेलकावतो ते बघायला.

पाच पोस्टकार्डं मी पाठवली. मग मुलगी चालायला लागली, झोळीत निजेना. शाळा नवी, घर नवं, आज लिहू, उद्या लिहू. उरलेली सात कार्डं पेटीत कपड्यांखाली गेली. अधूनमधून पेटी उघडली की सरांचं वळणदार अक्षर दिसायचं आणि मी झाकण लावून टाकायची. जितके दिवस जास्त जायचे तितकं लिहिणं अवघड व्हायचं. माणूस उपकार विसरत नाही, पण उपकार करणाऱ्याला तोंड दाखवायला लाजतो. मी तर चांगली दहा-अकरा वर्षं लाजले.

शेवटी एकदा प्रशिक्षणाला हिंगोलीला जावं लागलं. तोवर जिल्हा झाला होता. मुलीला सोबत घेतलं आणि येताना औंढ्याला उतरले. मनात सारखं घोकत होते, काय बोलायचं, कुठून सुरुवात करायची. गल्ली तीच होती. खड्डा बुजवून वर डांबर टाकलेलं होतं.

सर ओट्यावर बसले होते. काकू दोन वर्षांपूर्वी गेल्या होत्या. सरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, अंग वाळलेलं, पण गळ्यात नाडी होती आणि नाडीला घड्याळ. पूर्वी ते रोज देवळापर्यंत जाऊन यायचे. आता कोपऱ्यावरच्या लिंबापर्यंत जाऊन येतात, असं त्यांनीच सांगितलं. "फेरा लहान झाला, पण वेळ तेवढाच लागून राहिला," म्हणाले आणि आपल्याच विनोदावर हसले. आवाजावरून त्यांनी मला ओळखलं होतं.

मी त्यांच्या पायाशी बसले. घोकलेलं सगळं विसरून गेले. "सर, मी पत्रं पाठवली नाहीत," एवढंच बोलले आणि रडायला लागले.

"पाच आली की."

"सात राहिली सर. मी किती वर्षं..."

"काहून रडून राहिली पोरी?" त्यांनी मला पहिल्यांदाच पोरी म्हटलं. "सहावं पत्र आलं न्हाई तवा ही म्हणली, काय झालं असंल हो? मी म्हणलो, काही न्हाई, लेकरू भरलं असंल. वजन वाढलं की परत यायला वेळ लागतो. तुला शिकवलं होतं ना?" घड्याळ चाचपत ते म्हणाले, "परत येतंच."

माझ्या आळसाचा असा अर्थ त्या दोघांनी लावला होता, आणि तो धरून ते इतकी वर्षं निवांत बसले होते. मला कुणी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग त्यांनी विचारलं, "पोरगी कुठं हाय?" मुलगी माझ्यामागं उभी होती. तिला हे म्हातारबाबा कोण ते धड माहीत नव्हतं. मी तिला पुढं केलं. सरांनी हात उचलला, तो मधेच थांबला, आणि मग त्यांनी तो तिच्या डोक्यावर ठेवला. ठेवला तो कितीतरी वेळ काढलाच नाही. मुलगी शहाण्यासारखी उभी राहिली.

"चांगली जड हाय," सर म्हणाले.

पुढच्या पावसाळ्यात ते गेल्याचं कळलं. त्या कंडक्टरनंच कुणाकडून तरी निरोप पाठवला होता. मी जाऊ शकले नाही. सर असते तर म्हणाले असते, आपल्या जागेवर असतो तवा ओढ कळत न्हाई. खरंच आहे ते. औंढ्यात होते तेव्हा मला त्या घरातून कधी एकदा सुटते असं झालं होतं. आता तिथलं कुणी उरलं नाही आणि रोज तिथं जावंसं वाटतं. एसटी खड्ड्यात आदळली की माझ्या तोंडातून नकळत निघतं, भरगच्च हाय.

मुलगी आता पुण्याला शिकायला आहे. उंच, दणकट आणि माझ्यासारखीच पत्र लिहायला आळशी. रविवारी फोन करते म्हणते. कधी करते, कधी परीक्षा असते, कधी मैत्रिणी. सुरुवातीला मी चिडायची, रडायची, नवऱ्यावर राग काढायची. आता तसं करत नाही. स्वयंपाकघराच्या दाराशी ती स्प्रिंग मी टांगून ठेवली आहे. तिला कांद्याची पिशवी असते. फोन आला नाही की मी पिशवी दोन बोटं खाली ओढते. भरलं असेल लेकरू, वेळ लागणारच, असं मनाशी म्हणते. मग मोठ्यानं लाभ म्हणते आणि सोडून देते. आणि एक म्हणायची वाट बघत उभी राहते.